मसल कार कोणत्या शोरूममधून निघाली? शोधाची वाट आणि खर्च

अमेरिकेत १९५८ साली एक कायदा झाला आणि प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवणं कारखान्यांना भाग पडलं. सेनेटर माइक मॉनरोनी यांनी तो कायदा आणला, म्हणून त्या कागदाला आजही मॉनरोनी स्टिकर म्हणतात. त्यावर किंमत आणि चासी नंबर असतो. गाडी कुठे जोडली गेली आणि कोणत्या गावच्या कोणत्या डीलरकडे निघाली आहे, हेही लिहिलेलं असतं. म्हणजे साठच्या दशकातली प्रत्येक मस्टँग, जीटीओ आणि कॅमॅरो कारखान्यातून निघाली ती आपल्या डीलरचं नाव काचेवर घेऊनच. गिऱ्हाईक गाडी घरी नेई आणि काच मोकळी व्हावी म्हणून तो कागद काढून टाकी. आज पन्नास-साठ वर्षांनी तीच गाडी विकत घेणारा माणूस नेमकं तेच नाव शोधत असतो.

हा शोध नुसता हौसेचा नाही. १९६४ ते १९७२ च्या आसपासच्या या ताकदवान इंजिनांच्या मसल कारमध्ये काही डीलरांची नावं म्हणजे वेगळा भाव. पेन्सिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचं येन्को शेव्हरले, शिकागोचं निकी शेव्हरले आणि तिथलंच 'मिस्टर नॉर्म'चं ग्रँड स्पॉल्डिंग डॉज, मिशिगनमधल्या रॉयल ओकचं रॉयल पाँटिअ‍ॅक, ऱ्होड आयलंडचं टास्का फोर्ड ही मंडळी कारखान्याच्या गाड्यांवर स्वतःचे हात चालवत आणि त्या शर्यतीच्या पट्टीवर उतरवत. १९६९ ची साधी कॅमॅरो हजारांतल्या डॉलरांत मिळते, तर अस्सल येन्को कॅमॅरोचा आकडा लाखांत जातो. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. फरक असतो तो कागदात, आणि तो कागद मिळवायला बहुतेक वेळा दीडशे डॉलरही लागत नाहीत.

डेट्रॉइटच्या आसपास, ट्रॉय-नोव्हाय-कँटनच्या पट्ट्यात गाड्यांच्या धंद्यात असलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतल्या कोणी पहिली जुनी मस्टँग घ्यायचं मनावर घेतलं असेल, किंवा मुंबई-पुण्यात एखाद्याच्या गॅरेजात अशी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर त्यांच्यासाठी ही माहिती. खाली दिलेले दर अंदाजाचे आहेत आणि अधूनमधून वाढतात. पैसे भरण्याआधी ताजा दर बघून घ्यावा.

चासी नंबर काय सांगतो

पहिला गैरसमज इथेच होतो. चासी नंबरात डीलरचं नाव नसतं. गाडीचा प्रकार, मॉडेल वर्ष, कारखाना आणि अनुक्रमांक एवढंच त्यात असतं. १९६९ ची कॅमॅरो असेल तर मधलं अक्षर 'एन' म्हणजे ओहायोतला नॉरवूडचा कारखाना आणि 'एल' म्हणजे लॉस एंजेलिसजवळचा व्हॅन नायसचा. फोर्ड आणि क्रायस्लरच्या नंबरात इंजिनाचंही अक्षर असतं. शेव्हरलेच्या नंबरात १९७१ पर्यंत आठ सिलिंडर की सहा, यापलीकडे इंजिनाबद्दल काही कळत नाही. त्यामुळे बनावट एसएस (सुपर स्पोर्ट) गाड्यांचा सुळसुळाट शेव्हरलेत सर्वांत जास्त आहे.

हा उलगडा करून देण्याचे पैसे मागणारे भेटतील. देऊ नका. जनरल मोटर्सच्या संग्रहातून प्रत्येक मॉडेल वर्षाची माहितीपुस्तिका मोफत उतरवून घेता येते आणि फोर्ड-क्रायस्लरचे तक्ते कुठल्याही क्लबाकडे असतात. चासी नंबरावरून गाडीचा इतिहास देणाऱ्या कारफॅक्सचा अहवालही इथे निरुपयोगी आहे. सतरा अंकी चासी नंबर १९८१ च्या मॉडेलपासून आला. त्याआधीचे अकरा किंवा तेरा अंकी नंबर त्या यंत्रणेत बसतच नाहीत.

फोर्ड आणि पाँटिअ‍ॅक: इथे नशीब चांगलं

१९६७ किंवा त्यानंतरची मस्टँग, टोरिनो किंवा मर्क्युरी कूगर असेल तर काम सोपं आहे. फोर्डने आपल्या उत्पादनाच्या नोंदी वापरण्याचा परवाना केव्हिन मार्टी यांच्या मार्टी ऑटो वर्क्सला दिला आहे. चासी नंबर कळवला की ते त्या गाडीचा अहवाल देतात. साधा अहवाल २० डॉलरच्या आसपास मिळतो, त्यात गाडीवर काय काय बसवलं होतं ते कळतं. आपल्याला हवा आहे तो त्याच्या वरचा, 'डिलक्स' अहवाल. त्याला ५० ते ६० डॉलर पडतात. ऑर्डर कधी नोंदवली, गाडी कधी बांधली, कधी विकली आणि कोणत्या डीलरकडे गेली, हे त्यात मिळतं. सर्वांत महाग अहवाल तीनशे डॉलरच्या घरात जातो. तो दिवाणखान्यात फ्रेम करून लावायला छान दिसतो, पण डीलर शोधायला त्याची गरज नाही.

१९६५ आणि १९६६ च्या मस्टँगसाठी मात्र ही सोय नाही, त्या वर्षांच्या नोंदी उरलेल्या नाहीत. दाराच्या पाटीवरचा दोन अंकी विभागीय कोड तेवढा हाताशी असतो. ७१ म्हणजे लॉस एंजेलिस, ७२ सॅन होजे, ४१ शिकागो, ३३ डेट्रॉइट. हा विक्री विभाग झाला, दुकान नव्हे. पण 'कॅलिफोर्नियाची, गंज न लागलेली गाडी' म्हणून जादा भाव मागणाऱ्याच्या गाडीवर ३३ दिसला, तर पुढचं बोलणं वेगळ्या सुरात होतं. गाडी शेल्बी असेल तर शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लबाची नोंदवही बघा. तिच्यात एकेका गाडीचा डीलर आणि पुढचा प्रवास शक्य तितका टिपलेला आहे.

पाँटिअ‍ॅकवाल्यांचं नशीब तर याहून चांगलं. मिशिगनमधली पीएचएस ही संस्था १९६१ पासूनच्या पाँटिअ‍ॅकच्या मूळ कारखाना-इनव्हॉइसची प्रत देते. ७५ ते १२५ डॉलर धरा, घाई असेल तर थोडे जास्त. डीलरचं नाव-गाव, तारीख, प्रत्येक ऑप्शनची किंमत असं सगळं त्या एका पानावर असतं. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओसाठी हा कागद अत्यावश्यक आहे. जीटीओ तेव्हा स्वतंत्र मॉडेल नव्हती, टेम्पेस्ट लेमान्सवर घ्यायचा तो एक ऑप्शन होता. चासी नंबर लेमान्सचाच राही. १९६६ पासून तिला २४२ हा स्वतःचा आकडा मिळाला. म्हणून त्या आधीची जीटीओ इनव्हॉइसशिवाय घेणं म्हणजे विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजणं. असं कोणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेव्हरले: जास्त मागणी, कमी कागद

सर्वांत जास्त विचारणा कॅमॅरो आणि शेव्हेलची होते आणि सर्वांत कमी नोंदी नेमक्या त्यांच्याच आहेत. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरलेचा गाडीवार इनव्हॉइस कंपनीकडून मिळत नाही. तरी तीन वाटा आहेत.

पहिली वाट एनसीआरएस या कॉर्व्हेटप्रेमींच्या संस्थेची. त्यांच्याकडे शिपिंगच्या जुन्या नोंदी आहेत आणि कॉर्व्हेटखेरीज कॅमॅरो, शेव्हेल, नोव्हा यांचाही अहवाल ते देतात. गाडी कारखान्यातून कधी निघाली आणि कोणत्या डीलरकडे गेली, एवढंच त्यात असतं. ऑप्शनबद्दल अक्षरही नाही. खर्च ५० ते १०० डॉलर. सगळी वर्षं आणि सगळ्या गाड्या त्यात नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी आपलं वर्ष बसतं का ते विचारावं.

दुसरी वाट फुकटची, पण हात काळे करणारी. कारखान्यात गाडी जोडताना कामगारांसाठी छापलेला कागद, ज्याला बिल्ड शीट म्हणतात, तो पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. कॉर्व्हेटमध्ये टाकीवरच्या अशा कागदावर विभागाचा आणि डीलरचा कोड असतो. टाकी उतरवायची तर गॅरेजवाल्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे पैसे पडतील. म्हणून टाकीचं काही काम निघालंच असेल तेव्हा हे बघून घ्यावं, नुसत्या कागदासाठी उतरवू नये. उतरवताना कागद ओढू नका. पन्नास वर्षं उन्हापाण्यात राहिलेला कागद बोटांत भुगा होतो. आधी जागच्या जागी, चांगल्या उजेडात फोटो काढा.

तिसरी वाट म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट. १९६५ ते १९७२ दरम्यान शेव्हरलेच्या वॉरंटी पुस्तिकेत पत्र्याची एक छोटी पट्टी बसवलेली असे. तिच्यावर चासी नंबर, इंजिन आणि गिअरबॉक्सचे कोड उठवलेले असत, आणि पुस्तिकेत पहिल्या मालकाचं नाव, ताबा दिल्याची तारीख आणि डीलर. ही पुस्तिका गाडीसोबत येत असेल तर विकणाऱ्याला तिचे वेगळे पैसे द्यायला हरकत नाही.

आणि गाडी मूळची कॅनडात विकलेली असेल तर चित्रच पालटतं. जनरल मोटर्स ऑफ कॅनडाने नोंदी जपल्या आणि त्यांची व्हिंटेज व्हेइकल सर्व्हिसेस शंभर कॅनेडियन डॉलरच्या आगेमागे त्या पुरवते. सीमेच्या उत्तरेला विकल्या गेलेल्या कॅमॅरोचा इतिहास डेट्रॉइटमध्ये विकलेल्या कॅमॅरोपेक्षा सोपा शोधता येतो तो यामुळेच. म्हणून कॅनडाची गाडी म्हणून नाक मुरडू नका.

क्रायस्लर, डॉज, प्लिमथ

या घराण्याच्या बिल्ड रेकॉर्ड कंपनीच्या ऐतिहासिक संग्रहात १९६७ च्या मॉडेलपर्यंतच आहेत. त्यांचं शुल्क शंभर डॉलरच्या आत धरावं आणि सेवा चालू आहे ना हे आधी विचारावं. रोडरनर, चॅलेंजर, 'कूडा या सगळ्यांना हव्या असलेल्या गाड्या १९६८ पासूनच्या, म्हणजे नेमक्या त्या नोंदींच्या बाहेरच्या. त्यांच्यासाठी गाडीतच शोधावं लागतं: मागच्या सीटच्या स्प्रिंगा, गालिच्याच्या खाली, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. इथे एक सावधगिरी. कामगार हाती लागेल तो कागद खुपसत, त्यामुळे रांगेतल्या पुढच्या-मागच्या गाडीची बिल्ड शीट तुमच्या गाडीत निघणं अगदी शक्य आहे. बोनेटखालच्या फेंडर टॅगवरचा ऑर्डर नंबर आणि चासी नंबर त्या कागदाशी जुळतो का, हे बघितल्याशिवाय आनंद मानू नये.

काहीच हाती लागलं नाही तर त्या मॉडेलच्या जाणकाराला बोलावून तपासणी करवावी लागते. काही शे डॉलरपासून दीड हजारापर्यंत फी, शिवाय प्रवासखर्च. साध्या ३१८ इंजिनाच्या गाडीसाठी हा खर्च वाया जातो. हेमी इंजिनाच्या गाडीसाठी तो टाळणं हा वेडेपणा ठरेल.

कागदावरचा डीलर आणि विकणारा डीलर

इथे थोडं थांबायला हवं, कारण भल्याभल्यांची गफलत इथे होते. कारखान्याचा कागद सांगतो ते एवढंच, की गाडी कोणाकडे पाठवली. तिथूनच ती विकली गेली, असा त्याचा अर्थ नाही.

१९६९ च्या झेडएल-१ कॅमॅरोची गोष्ट घ्या. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं ४२७ घनइंची इंजिन असलेल्या या गाड्या अवघ्या ६९ बनल्या. त्यातल्या ५० इलिनॉयमधल्या ला हार्प नावाच्या छोट्या गावातल्या फ्रेड गिब या डीलरने मागवल्या होत्या. गाड्या आल्या तेव्हा किंमत बघून त्याचे डोळे पांढरे झाले. नुसत्या इंजिनाचेच चार हजारांवर डॉलर, काचेवरचा आकडा सात हजारांच्या पुढे. शेतीवर जगणाऱ्या त्या गावात इतक्या गाड्या खपणं शक्यच नव्हतं. मग कंपनीने त्यातल्या बऱ्याच परत घेऊन इतर डीलरांकडे वळवल्या. अशा गाडीच्या एका कागदावर गिबचं नाव आणि पहिल्या मालकाच्या बिलावर भलत्याच राज्यातल्या शोरूमचं नाव असेल, तर दोन्ही खरी असू शकतात. येन्कोच्या गाड्याही कॅनन्सबर्गहून निघून इतर डीलरांमार्फत देशभर विकल्या गेल्या. त्याशिवाय शेजारच्या गावच्या डीलरशी गाडीची अदलाबदल करणं हा रोजचा व्यवहार होता.

उलटा प्रकारही तितकाच महत्त्वाचा. डीलरने आपल्या वर्कशॉपमध्ये केलेलं काम कारखान्याच्या इनव्हॉइसवर येत नाही. रॉयल पाँटिअ‍ॅकचं 'बॉबकॅट' ट्यूनिंग किंवा न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर बाल्डविन शेव्हरले आणि मोशन परफॉर्मन्स यांनी मिळून बांधलेल्या गाड्या यांचा पुरावा म्हणजे डीलरचं स्वतःचं बिल, वर्क ऑर्डर, त्या काळचा फोटो. पीएचएसच्या कागदावर 'रॉयल पाँटिअ‍ॅक' दिसलं म्हणून गाडी बॉबकॅट ठरत नाही, आणि त्या नावाचे पैसे मागणाऱ्याला हे नम्रपणे पण ठामपणे सांगावं.

दुकानाचा इतिहास

डीलरचं नाव कळलं की खरी गोडी सुरू होते, आणि हा भाग सर्वांत स्वस्त आहे. ती बहुतेक शोरूम आज नाहीत. प्लिमथ २००१ मध्ये बंद झाली, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये. २००९ च्या दिवाळखोरीत क्रायस्लरने एका फटक्यात ७८९ डीलरांचे करार संपवले, जनरल मोटर्सनेही शेकडो डीलर कमी केले आणि पाँटिअ‍ॅक हे नावच मोडीत काढलं. दुकान बंद झालं की बिलांच्या पेट्या बहुधा कचऱ्यात गेल्या.

तरी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला एक ईमेल पाठवा. अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा संदर्भ विभाग असल्या प्रश्नांची उत्तरं मनापासून शोधतो, बहुतेक वेळा फुकट, फार तर प्रतींचे काही डॉलर. त्यांना शहराची जुनी डिरेक्टरी, टेलिफोनचं पिवळं पान आणि स्थानिक वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघायला सांगा. प्रश्न नेमका असावा: डीलरचं नाव, गाव आणि साल. जुन्या वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांची वर्गणी महिन्याला साधारण ८ ते २० डॉलर असते. एक महिना घ्या, सगळं उतरवून घ्या आणि वर्गणी बंद करा. डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयाचा राष्ट्रीय वाहन-इतिहास संग्रह आणि पेन्सिल्व्हेनियात हर्शी इथलं एएसीए या जुन्या गाड्यांच्या क्लबाचं ग्रंथालय ही दोन ठिकाणंही लक्षात ठेवा. गाडीच्या डिकीवर डीलरच्या नावाचं क्रोमचं छोटं चिन्ह किंवा नंबरप्लेटची जुनी चौकट असेल तर ती बदलू नका. रंगकाम करताना डिकीवरची भोकं बुजवली जातात आणि पुरावा त्यांच्यासोबत जातो.

पहिला मालक शोधताना कायद्याची मर्यादा पाळावी लागते. १९९४ च्या चालक-गोपनीयता कायद्यामुळे राज्यांचं वाहन खातं जुन्या मालकांची नावं-पत्ते असे सहज देत नाही, आणि ते योग्यच आहे. एका अभिनेत्रीचा पत्ता अशाच नोंदींतून मिळवून तिचा खून झाला होता, त्यातून हा कायदा आला. पैसे घेऊन 'आतून नाव काढून देतो' म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. नाव वॉरंटी पुस्तिकेत मिळालं तर साधं पत्र लिहावं, गाडीचा आजचा फोटो जोडावा आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा त्रास देऊ नये.

खोटे कागद

नवी छापलेली मॉनरोनी स्टिकर ५०-१०० डॉलरला मिळतात. प्रदर्शनात काचेवर लावायला ठीक, पण तो पुरावा नव्हे. बिल्ड शीट चहाच्या पाण्यात भिजवून जुन्या केल्या जातात, फेंडर टॅग नव्याने ठोकले जातात. म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा: विकणाऱ्याने दाखवलेला अहवाल कितीही सुबक असला, तरी चासी नंबर गाडीवरून स्वतः उतरवून घ्या आणि अहवाल स्वतःच्या नावाने, थेट संस्थेकडून मागवा. चासी नंबर द्यायला जो खळखळ करतो, त्याची गाडी सोडून द्या.

खर्चाचा मेळ घातला तर १९६७ पासूनची फोर्ड किंवा कोणतीही पाँटिअ‍ॅक असेल तेव्हा कागद आणि ग्रंथालय मिळून फार तर १५० डॉलर, म्हणजे रुपयांत तेरा हजारांच्या आसपास. अमेरिकेत विकलेली शेव्हरले असेल तर १५० ते २५०, आणि तरी हमी नाही. १९६८ पासूनची डॉज-प्लिमथ असेल तर एक तर नशिबाने शून्य, नाही तर तपासनिसाची पूर्ण फी.

गाडी भारतात असेल तर हे सगळे अहवाल इथून ऑनलाइन मागवता येतात, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड पुरतं. त्यांचा इथे आणखी एक उपयोग आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेची विंटेज नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, फेरनोंदणीला ५,००० रुपये. बाहेरून आणलेल्या गाडीला बिल ऑफ एन्ट्री लागतंच, पण गाडीचं वय आणि मूळ रूप दाखवायला कारखान्याची तारीख असलेला कागद सोबत असेल तर बोलणं सोपं होतं. या नंबरवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची.

शेवटी मिशिगन-ओहायोत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. त्या शोरूममध्ये १९६८ साली पंचवीस वर्षांचा असलेला सेल्समन किंवा मेकॅनिक आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. कोणत्या गिऱ्हाइकाने कोणती गाडी नेली, अदलाबदल कशी चाले, बॉबकॅटच्या कामात नेमकं काय केलं जाई, हे कुठल्याच इनव्हॉइसवर नाही. तुमच्या गावात असा माणूस असेल तर येत्या सुट्टीत त्याच्याकडे जा, परवानगी घेऊन फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा आणि एक प्रत गावच्या ग्रंथालयाला द्या. याला एक डॉलरही लागत नाही.